ताप आहे का?

आमच्या वॉर्डात दिवसभर हात धुवायचे. बेसिनपाशी दोघी उभ्या राहिल्या की एखादा किस्सा निघतोच! मी बहारीनमधल्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स. घरी गेलेल्या बाळंतिणींना फोन करायचा आणि विचारायचं, ताप आहे का, टाके दुखतात का, बाळाची नाळ कोरडी आहे ना.

अमवाज बेटावरच्या एका पुणेकर बाईंना विचारलं, "घरात कुणाला ताप?"

त्या कुजबुजल्या, "आहे ना! कालच पुण्याहून आलाय. बाळाचं नावसुद्धा ठरवून!"

मागून बाळाच्या आत्याबाईंचा आवाज, "कोणाशी बोलतेस गं?"

*

आमची कुलसुम आपा रत्नागिरीची, वॉर्डातली सगळ्यात सीनियर सिस्टर. एकदा मोठे डॉक्टर मोबाइलवर बोलत आले आणि फोन ठेवून तोच हात बाळाकडे नेला. आपा मध्ये उभी!

"डॉक्टर, त्याला अजून मोबाइल नकोय. आधी हात धुवा."

डॉक्टर उलट्या पावली बेसिनकडे.

*

एक आजी बाळाच्या नाळेला हळद लावायला निघाल्या. आपा इथल्या अरबीत म्हणाली, "मफी, आजी!"

"म्हणजे काय?"

"नाही. अजिबात नाही!"

आजींना शब्द फारच आवडला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा बाहेरून आला आणि थेट पाळण्यावर वाकला. आजी कडाडल्या, "मफी! साबण तिकडे!"

*

आणि शबाना नावाच्या बाळंतिणीचा नवरा! मीना सलमान बंदरावर वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, मूळचा रायगडचा. ऐन ऑगस्टात फोन केला, तर बायकोची सगळी उत्तरं हाच देतोय.

"ताप?"

"नाय."

"टाके?"

"एकदम मस्त!"

"तिला द्या ना फोन."

"झोपलीय. थंडी वाजतेय म्हणते. एसी बंद केला, दोन ब्लँकेटं दिली, तरी कुडकुडतेय."

मी ओरडलेच, "आत्ताच्या आत्ता घेऊन या! यल्ला, चला लवकर!"

आणली, तेव्हा ती तापाने फणफणली होती. गर्भाशयात इन्फेक्शन. लगेच सलाइन, अँटिबायोटिक्स. तो बाळाला छातीशी धरून कॉरिडॉरमध्ये रडत होता. "मला वाटलं, दमली असेल."

शबाना बरी होऊन घरी गेली. काही दिवसांनी पुन्हा फोन केला, तर तिनेच उचलला. आवाज ठणठणीत!

"ताप नाही, टाके सुकले, बाळ दूध पितंय. ह्यांना मात्र फ्लू झालाय. बाहेरच्या खोलीत ठेवलेत, बाळापासून लांब."

"अरे बापरे! कसे आहेत?"

मागून कण्हल्याचा आवाज आला, "मला बोलू दे सिस्टरशी..."

शबाना म्हणाली, "एकदम मस्त!"