पत्र्याचा चष्मा

चष्मेवाल्यांच्या दुकानात, डोळे तपासण्याच्या खोलीत, एक भला मोठा चष्मा भिंतीला टेकून उभा असे. पत्र्याचा, निळ्या रंगाच्या काचांचा, जुन्या चादरीत गुंडाळलेला. "या सांगाड्याला एकदा वाट दाखवा, नाहीतर मला तरी," असे त्यांची पत्नी केर काढताना म्हणे. चष्मेवाले चादर नीट करून तो पुन्हा तिथेच टेकवत. राग जपायचा तर त्यासाठी एखादी वस्तू लागते, आणि ती रोज ठेच लागेल अशाच जागी ठेवावी लागते.

तो चष्मा त्यांच्या वडिलांनी उतारवयात स्वतःच्या हातांनी कापला आणि रंगवला होता, दुकानाच्या दारावर लावण्यासाठी. त्या बाजारपेठेत कोणत्याही दुकानाच्या दर्शनी भागात बदल करायचा तर समितीची संमती लागे. समितीची एक रीत होती. जे काही लावायचे ते आधी खऱ्या मापात कापडावर रंगवायचे, बांबूंवर ताणून जागच्या जागी टांगायचे, आणि सभासदांनी समोरच्या फुटपाथवर उभे राहून तिथल्या तिथे निर्णय द्यायचा. ही रीत अध्यक्षांनी पाडलेली. अध्यक्ष म्हणजे नामांकित वास्तुविशारद. चष्मेवाल्यांच्या बरोबर समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर, त्यांचे कार्यालय होते.

चष्म्याचे कापड टांगले गेले, त्या दिवशी अध्यक्षांनी मान तिरकी करून वर पाहिले. "आजोबा, हा चष्मा आहे की बुजगावणं? पक्षी घाबरतील हो!"

सभासद हसले, रस्त्यावरचे लोक हसले. वडीलही कसनुसे हसले, आणि चष्मेवाल्यांच्या काळजात रुतले ते नेमके तेच हसणे. परवानगी अर्थातच मिळाली नाही. म्हातारा पुढे दुकानात मागच्या दाराने येऊ लागला, मग येईनासा झाला, मग गेलाच.

चष्मेवाले उच्चशिक्षित होते, आणि शिक्षणाने माणूस क्षमाशील होतो हा समज त्यांनी आपल्यापुरता खोटा पाडला. समितीत व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधीची खुर्ची कोणालाच नको होती, ती त्यांनी मागून घेतली. वर्षानुवर्षे ते बैठकांना आले, चहा प्यायले, मान डोलावली आणि नियम तोंडपाठ केले. वाट पाहणे हे त्यांचे दुसरे दुकानच होऊन बसले.

अखेर एकदा अध्यक्षांचाच प्रस्ताव आला. कार्यालयाच्या दर्शनी भागाला शोभा यावी म्हणून धातूची एक उंच जाळी बसवायची होती, तळापासून पार पहिल्या मजल्याच्या वरपर्यंत. आराखडा देखणा होता. चष्मेवाल्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. पहिल्या मजल्यावर, जिथे अध्यक्षांच्या थोरल्या बहिणीची खिडकी होती, तिथे आराखड्यात सपाट भिंत होती. आपल्या मालकीचे नाही ते कागदावर रेखाटायचेच नाही, ही अध्यक्षांची जुनी खोड. ताई चष्मेवाल्यांच्या गिऱ्हाईक होत्या. दिवसभर त्या खिडकीत बसून रस्ता न्याहाळता यावा, एवढ्यासाठीच त्यांनी चष्मा करून घेतला होता. चष्मेवाले खिडकीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

"याला कापडाची गरज नाही," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांना दिसतंयच की."

"दिसतंय हो," चष्मेवाले नम्रपणे म्हणाले, "पण माझा धंदाच असा आहे. ज्याला सगळं दिसतंय असं वाटतं, तोच माझ्याकडे येतो. रीत सर्वांना सारखी असावी."

कापड टांगले गेले. सकाळी सभासद समोरच्या फुटपाथवर जमले. अध्यक्ष घसा खाकरून बोलू लागणार, तोच कापडामागून हाक आली.

"बाळ्या! ए बाळ्या!"

कात्रीचा कराकरा आवाज झाला, कापडाला भोक पडले आणि त्यातून चष्म्यासकट ताईंचे डोके बाहेर आले.

"मला म्हणालास, ताई, नुसती रंगरंगोटी करतोय. ही रंगरंगोटी? उठले तर समोर सगळा अंधार, मला वाटलं डोळे गेले माझे!"

"ताई, आत जा. आपण घरी बोलू."

"घरी कशाला? इथंच बोल ना, चारचौघांत! तुझ्या त्या कागदावर माझी खिडकी कुठंय?"

कोणीतरी आराखडा उलगडला. खिडकी नव्हती.

"ती... तपशिलाची बाब आहे," अध्यक्ष पुटपुटले.

"तपशील सध्या डोकं बाहेर काढून बसलाय," चष्मेवाले म्हणाले. मग वर पाहत, मान अगदी तशीच तिरकी करून, त्यांनी पुढचे वाक्य सावकाश उच्चारले. "पक्षी मात्र घाबरतील हो!"

सगळा रस्ता हसला. अध्यक्षही हसले, कसनुसे. ते हसणे चष्मेवाल्यांनी डोळे भरून पाहून घेतले. प्रस्ताव फेटाळला गेला.

पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. पुढच्याच बैठकीत त्यांनी वडिलांचा चष्मा पुन्हा मांडला; त्याचे कापड पूर्वीच टांगून झाले होते. बाळ्या या हाकेतून अजून न सावरलेल्या अध्यक्षांनी मान खाली घालूनच हात वर केला. चादर सुटली, चष्मा दारावर चढला, आणि त्याचे दोन निळे डोळे समोरच्या काचेतून थेट अध्यक्षांच्या टेबलावर रोखले गेले.

काही दिवसांतच त्या काचेवर आतून जाड पडदा आला. चष्मेवाल्यांनी त्याच दिवशी लेखी हरकत घेतली. रस्त्यावरून दिसणारा पडदा दर्शनी भागातच मोडतो.

"आता पुरे करा हो," पत्नी म्हणाली. "गेलेला माणूस काही परत येत नाही."

"तो यावा म्हणून करतोच आहे कोण?" ते म्हणाले.

बैठकीत अध्यक्ष काकुळतीला आले. "अहो, पडदाच कापडाचा. त्याचा आणखी कापडी नमुना कशाला?"

"रीत तुमचीच आहे. नमुना टांगा, आम्ही फुटपाथवर येऊन पाहतो. तोवर पडदा उतरवून ठेवावा लागेल."

दुसऱ्या दिवशी पडदा उतरला. चष्मेवाल्यांनी खुर्ची दाराशी ओढली आणि वडील बसत तिथे, त्या चष्म्याखाली, ते बसले. समोर अध्यक्ष टेबलावर वाकले होते. मान वर करायची त्यांची छाती होत नव्हती.