स्नोकाकांचा हिवाळा

सिंगापूरच्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये सकाळी कुणी "आज उणे एकवीस" असं म्हणालं, की समजायचं, स्नोकाका आले. बाहेर घामानं जीव नकोसा झालेला, काकांच्या हातात भाजीची पिशवी, अंगात पातळ अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि चेहऱ्यावर थंडीची काळजी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं असावं. मग कळलं की हे तापमान कॅनडातलं आहे. त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा तिथे एका लहानशा गावात राहते, पन्नास किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि हिवाळाभर पिकअप ट्रक चालवत कामावर जाते.

स्नोकाका हे नाव माझ्या लेकीनं ठेवलं. "अंकल, हिअर नो स्नो, लाह!" असं ती इथल्या इंग्रजीत त्यांना तोंडावर म्हणाली होती. मी डोळे वटारले, पण काका गंभीरपणे म्हणाले, "म्हणून तर अभ्यासाला वेळ मिळतो." पाया लेबार भागातल्या एका ऑफिसातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे राहणारे हे गृहस्थ स्वतः बसनं फिरायचे. गाडी त्यांनी सिंगापूरला कधी घेतलीच नाही. पण इंजिनाचा जोर गाडीच्या दोनऐवजी चारही चाकांना केव्हा जोडायचा यावर बोलायला लागले की आपला डबा गार व्हायचा.

रोज संध्याकाळी आठला ते मुग्धाला फोन लावत. तिकडे तेव्हा पहाटेचे पाच, तिची निघायची वेळ. समोरासमोर दारं असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. "रस्ता कोरडा आहे? मग टू-व्हीलवरच ठेव. बर्फ बसलाय? मग चारही चाकं, फोर-हाय. आणि फोर-लो, तो सगळ्यात हळू गिअर, फक्त रुतलीस तर, किंवा खोल बर्फातून मुंगीच्या पावलानं निघायचं असेल तर." पलीकडून नुसतं "हो बाबा, माहितीये बाबा" येत राहायचं. एकदा मी चिडवलं, "काका, रोज ती चालवते आणि शिकवताय तुम्ही?" तर म्हणाले, "शिकवत नाही गं. हजेरी घेतो."

त्यांच्याबरोबर लिटिल इंडियात सामान आणायला जाणं ही एक शिक्षाच होती. एका रविवारी त्यांनी भर दुकानात माझी ट्रॉली अडवली. तांदळाची दहा किलोची पिशवी पुढच्या टोकाला ठेवली आणि ट्रॉली वळवून दाखवली. "बघ, मागचा भाग कसा भिरकावतोय. पिकअपचं असंच. इंजिन पुढे, मागचा हौदा रिकामा." मग पिशवी उचलून बरोबर मागच्या चाकांवर आणली. "म्हणून मुग्धा इथे वाळूच्या गोण्या ठेवते." पाठीमागे तीन तमिळ बायका आपापल्या ट्रॉल्या घेऊन खोळंबल्या होत्या. त्यातली एक पुढे होऊन काकांना इंग्रजीत म्हणाली, "अंकल, तो तांदूळ घेणार आहात की मी घेऊ?"

आमच्या मंडळातला एक तरुण इंजिनिअर बदली होऊन कॅनडाला निघाला, तेव्हा मीच त्याला काकांकडे नेलं. चहा यायच्या आधी काकांनी विचारलं, "टायर कुठले घेणार?" तो म्हणाला, फोर-बाय-फोर घेतोय, मग वेगळ्या टायरांची काय गरज? काका खुर्चीतून उठलेच. "फोर-बाय-फोर गाडीला हलवतं. थांबवतो तो टायर! साधं रबर थंडीत कडक होतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. बाजूवर डोंगर आणि हिमकणाची खूण बघून घे. आणि चारही घे. दोनच घेतलेस तर गाडीचं एक टोक तुझं ऐकेल, दुसरं ऐकणार नाही." पोरानं निमूटपणे सगळं फोनमध्ये टिपून घेतलं आणि आदरानं विचारलं, "काका, तुम्ही किती वर्षं होतात तिकडे?"

"मी? मी बर्फ पाहिलेलाच नाही," काका म्हणाले.

तो गेल्यावर मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. कपबशा विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून त्यांनी सांगितलं. मुग्धानं ही जुनी पिकअप घेतली, त्या पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, बाबा, हिवाळी टायर घेऊ का? "मी विचारलं, आहेत त्या टायरांवर नक्षी आहे ना अजून? मग एक हिवाळा जाऊ दे. चांगली वस्तू कशाला टाकायची? शिवाय फोर-व्हील आहे." टूथपेस्टची ट्यूब कापून शेवटची बोटभर पेस्ट काढणारी माणसं आपण. त्यांच्या जागी मीही हेच सांगितलं असतं. डिसेंबरात एका उतारावर तिनं ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. रस्ता सोडून चरात गेली. गळपट्टीचं हाड मोडलं आणि कुणाच्या नजरेला पडेपर्यंत दोन तास ती त्या थंडीत एकटी बसून होती. "तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं," काका म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांना चिडवायचं सोडलं.

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. घामानं निथळत होते, हात छातीवर. अँब्युलन्समधून आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं गंभीर आहे, घरच्यांना बोलावून घ्या. मी मुग्धाचा नंबर लावायला घेतला तर काकांनी माझं मनगट धरलं. "आधी तिथलं हवामान बघ." बघितलं. हिमवादळाचा इशारा होता, सोमवार सकाळपर्यंत. "मग सोमवारी सांग. आज कळलं तर ती निघेल. विमानतळ साडेतीन तासांवर आहे."

"काका, ती मुलगी आहे तुमची. तिला कळायला नको?"

"एकदा माझं ऐकून ती चरात गेली. आता माझ्यासाठी नको."

मी खूप वाद घातला. त्या दिवशी मला त्यांचा रागही आला. पण शेवटी कबूल केलं. आठ वाजता त्यांनी आवाज सावरून फोन लावला, कॅमेरा बंद आहे अशी थाप मारली. "आज टू नको, फोर नको. आज गाडीच काढू नकोस. सुट्टी टाक." ती काहीतरी म्हणाली. काका "बरं, बरं" म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

रविवारी दुपारी ते गेले. सोमवारची वाट न पाहता मी लगेच फोन केला. रस्ते उघडल्यावर मुग्धा निघाली आणि बुधवारी पोहोचली. बुटांवर अजून तिकडच्या रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग होते. वडिलांच्या रिकाम्या खोलीत उभी राहून तिनं मला विचारलं, "ताई, शनिवारी का नाही सांगितलंत?"

मी सगळं सांगितलं. ती संतापली. "मी कशीही आले असते. भेट झाली असती आमची. हे ठरवणारे तुम्ही दोघं कोण?" तिचं म्हणणं खरं होतं.

मग तिनं विचारलं, "फोन ठेवल्यावर काही म्हणाले का?"

"म्हणाले, 'ऐकलं गं तिनं. घरीच राहतेय.' आणि मग त्यांना झोप लागली."

मुग्धा त्यांच्या पलंगावर बसली. "बाबांना मी खोटं सांगितलं, ताई," ती म्हणाली. "वॉर्डात माणसं कमी होती. मी गेले होते कामावर. फोर-हाय टाकून, सगळा रस्ता हळूहळू, ते सांगायचे तस्संच."