बाबांची खाऱ्या पाण्याची टाकी

माझे सासरे रिटायर झाले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायला लागले. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती. तिथे त्यांच्या हाताखाली माणसं होती. आता हाताखाली उरलो आम्ही दोघी, सासूबाई आणि मी. कुकरच्या शिट्ट्या जास्त झाल्या, कांदा जाड कापला, डाळ आधी भिजवायला हवी होती. मीही अंबरनाथलाच एका कंपनीत अकाउंट्सला होते. संध्याकाळी बदलापूरला घरी येऊन पीठ मळायला घेतलं की बाबा दारात हजर. पाणी जास्त पडलं, असं ते पाणी पडायच्या आधीच सांगायचे.

म्हणून एका रविवारी ते उल्हासनगरहून आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "मी माशांची टाकी आणतोय, खाऱ्या पाण्याची," तेव्हा मी आडकाठी केली नाही. मला वाटलं, असतील दोन-चार मासे, टाकतील सकाळ-संध्याकाळ दाणे. सासूबाईंनी तर माझा हातच दाबला. "आणू देत गं. टाकीत डोकं घालून बसले तर आपल्या पातेल्यात घालायचे नाहीत."

आमच्या दोघींचा अंदाज इतका चुकीचा ठरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

टाकी आली ती उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका वर्कशॉपमधून, तिच्या लोखंडी स्टँडसकट. बाबांचं सगळं आयुष्य कॅम्प चारमध्ये गेलेलं, बदलापूरचा फ्लॅट आम्ही लग्नानंतर घेतला. त्यामुळे कुठलीही वस्तू बदलापुरात मिळते यावर त्यांचा विश्वास नव्हता. चार माणसांनी ती तीन मजले वर आणली. टीव्ही खिडकीजवळ सरकला, सोफा दाराला टेकला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात यायचं तर अंग चोरून यावं लागायचं.

मग मिठावरून पहिलं भांडण झालं. बाबांनी वाण्याकडून खडे मीठ आणलं होतं, भली मोठी गोणी.

"बाबा, हे चालत नाही," मी म्हणाले. सायबर कॅफेतून मी त्यांनाच वाचायला म्हणून कागद छापून आणले होते. ते इंग्रजीत होते, म्हणून वाचायचं काम माझ्यावर आलं होतं. "समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. आणखी बरंच काही असतं. त्यासाठी वेगळं मीठ येतं, बादलीत."

"मीठ म्हणजे मीठ. समुद्रातूनच काढतात ना हे?"

"काढतात. पण त्यात माशाला लागतं ते सगळं राहत नाही."

"तुला कागदावर लिहिलेलं सगळं खरं वाटतं."

हे ज्या माणसाने मला कागद आणायला पिटाळलं होतं, तोच बोलत होता. शेवटी कॅम्प एकच्या, शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने तेच सांगितलं तेव्हा पटलं. तो सिंधी दुकानदार म्हणजे बाबांचा त्या दिवसांतला गुरू. मी सांगितलेली गोष्ट त्याने हिंदीत सांगितली की ती खरी व्हायची. खडे मिठाची गोणी आम्ही पुढे दोन वर्षं लोणच्यात, माशांच्या कालवणात आणि शेजाऱ्यांत वाटून संपवली.

पाणी भरलं, बादलीतलं मीठ विरघळवलं, दगड रचले. भोकंभोकं असलेले ते पांढरट दगड बाबांनी इतक्या वेळा रचले आणि मोडले की मला स्वप्नातही तो खडखडाट ऐकू यायचा. आणि मग सुरू झालं ते थांबणं. कागदात स्वच्छ लिहिलं होतं की नव्या पाण्यात मासा लगेच सोडायचा नाही. माशाची घाण पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जंतू आधी त्या दगडांवर वाढू द्यायचे, त्याला महिना-दीड महिना लागतो. तोवर पाणी कच्चं. त्यात सोडलेला मासा स्वतःच्याच घाणीच्या विषाने मरतो.

म्हणजे महिनाभर आमच्या हॉलमध्ये दिवे लावलेली, बुडबुडे सोडणारी, नुसत्या पाण्याची टाकी. येणारा प्रत्येक जण आधी वाकून बघायचा, मग आमच्याकडे बघायचा.

"मासे कुठायत?"

"यायचेत," बाबा म्हणायचे.

"मेले वाटतं," पाहुणे जाताना जिन्यात एकमेकांना म्हणायचे. आम्हाला ऐकू यायचं.

माझ्या माहेरचे लोक आले तेव्हा माझ्या आत्याने बराच वेळ टक लावून बघितलं आणि विचारलं, "पाणी विकत घेतलंय का गं हे?" मी चहा ठेवायला आत निघून गेले.

बाबांना महिनाभर काही धीर धरवला नाही. पंधरा दिवस होतायत न होतायत तोच ते कॅम्प एकला जाऊन आले, हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात बोटाएवढा एक निळा मासा. निळा म्हणजे काय निळा! शाईच्या बाटलीत बुडवून काढल्यासारखा.

"बाबा! कच्चं आहे ना अजून पाणी!"

"तो म्हणाला, साईं, ये मरता नहीं है. पहिले हाच टाकतात. टेस्टर. हा जगला म्हणजे पाणी पिकलं."

"आणि नाही जगला तर?"

बाबांनी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसले.

त्या माशाने पुढचे काही दिवस आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. तो तळाशी एका कोपऱ्यात आडवा पडून धापा टाकायचा. अंगाचा रंग उतरून राखाडी झाला होता. बाबा रोज थोडं पाणी काढायचे, थोडं नवं मिठाचं घालायचे. आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं. मी भरून ठेवलेल्या फिल्टरच्या पाण्याची कळशी रिकामी, आणि बाबा निर्विकार. "तुम्ही उकळून प्या," ते म्हणाले. "त्याला उकळून चालत नाही."

मासा जगला. एका सकाळी बघते तर पुन्हा निळाशार, आणि काचेवर माझ्या बोटाकडे धावून येतोय. बाबांनी कारखान्यातला कोणी आजारी माणूस बरा होऊन परत कामावर आल्यासारखं सासूबाईंना हाक मारून दाखवलं. मलाही बरं वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण उन्हाळा आला.

त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग म्हणजे दिवसाचे तुकडे पाडलेले असायचे. आम्ही नुकताच इन्व्हर्टर घेतला होता, बेडरूमच्या पंख्यासाठी. रात्रपाळी करून आलेल्या माझ्या नवऱ्याला दुपारी झोप मिळावी म्हणून. एका दुपारी तो घामाने निथळत बाहेर आला आणि बघतो तर इन्व्हर्टरची वायर टाकीच्या मोटरला.

"बाबा, मी झोपलो होतो!"

"तू उठून बाहेर येऊन श्वास घेऊ शकतोस. तो घेऊ शकतो का?"

मग पाणी तापतं म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन टाकीवर वारा घालायला लागला. वाऱ्याने पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं, म्हणून पुन्हा वरून गोडं पाणी. पुन्हा माझी कळशी. मी ऑफिसातून येऊन ओट्याशी घामाने चिंब उभी असायचे आणि हॉलमध्ये एक बोटभर मासा वाऱ्यात फिरत असायचा. मी एकदा सासूबाईंना म्हणाले, "आई, आपण टाकीत जाऊन राहू." त्या पदराने वारा घेत म्हणाल्या, "तरी बघ, आज भाजीला कोणी नावं ठेवली नाहीत."

हे मात्र खरं होतं. बाबा स्वयंपाकघरात फिरकत नव्हते. हे आठवून मी गप्प बसायचे.

वर्षभराने, पाणी चांगलं मुरल्यावर, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते मासे आले. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. दुकानदार त्यांना जोकर म्हणायचा. जोडी होती. ते पाण्यात पोहण्याऐवजी डुलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा मी पोळ्या अर्ध्या टाकून टाकीसमोर बसले. बाबा माझ्याकडे बघत होते. "काय? आवडले ना?" मी म्हणाले, "बाबा, सुंदर आहेत."

संध्याकाळ होईपर्यंत निळ्याने त्यांना वरच्या कोपऱ्यात कोंडलं होतं. ते जरा खाली आले की हा दगडातून बाणासारखा सुटायचा. दुसऱ्या दिवशी एकाची शेपटी फाटली. आम्ही दगडांची जागा बदलली, दिवा बंद ठेवला, निळ्याला आधी पोटभर खायला घातलं. तो खायचा, आणि ताज्या दमाने मारायला जायचा. टाकीत तो पहिला आला होता. टाकी त्याची होती, आणि हे त्याला सोडून आम्हा कोणालाच समजत नव्हतं.

"निळ्याला काढायचा," मी म्हणाले.

बाबा टाकीची काच पुसायला लागले.

"बाबा, जोकर मरतील."

"काढू रविवारी," ते म्हणाले.

तो रविवार मी विसरणार नाही. जाळीने मासा हाती लागेना. जाळी पाण्यात गेली की तो दगडांत गडप. शेवटी एकेक दगड काढायचं ठरलं. नवऱ्याला झोपेतून उठवलं. घरातल्या बादल्या, टब, धुण्याची परात, सगळं भरलं. फरशीवर खारं पाणी, पाय चिकट, हाताला दगडांचे ओरखडे आणि त्यात मीठ चुरचुरतंय. सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. सगळे दगड निघाले. टाकीत गढूळ पाणी आणि घाबरलेले दोन जोकर. निळा नाहीच.

"उडी मारली का काय?" नवरा सोफ्याखाली बघायला लागला. आम्ही सोफा हलवला, सासूबाईंसकट. स्टँडमागे बघितलं. तासभर शोधलं. मग सासूबाई म्हणाल्या, "त्या लाल बादलीत काय हलतंय?"

तो दगडाच्या भोकात बसून दगडाबरोबरच बाहेर आला होता. मी पकडायला हात घातला तर मला चावला.

संध्याकाळी त्याला पिशवीत घालून बाबा निघाले. मी बरोबर गेले. बाबा एकटे गेले तर काहीतरी घोळ करून येतील याची मला खात्री होती. कॅम्प एकला दुकानात गर्दी होती. दुकानदाराने पिशवी दिव्याकडे धरली आणि हसला. "अरे, ये अभी तक है? मैंने बोला था ना साईं, मरता नहीं."

"आता याचं काय करणार?" बाबांनी विचारलं. त्यांनी मराठीत विचारलं, तो हिंदीत बोलला. त्यांचं असंच चालायचं.

"टेस्टर में चला जाएगा. कल एक बाऊजी की नई टंकी भर रही है, उसमें डाल देंगे."

"नई टंकी मतलब कच्चं पाणी."

"हाँ तो. इसी काम का तो है."

बाबांनी हात पुढे केला आणि पिशवी परत घेतली.

"बाबा?" मी म्हणाले.

ते दुकानाबाहेर पडले. मी मागून धावत गेले. रस्त्यावर जीन्सच्या गाठोड्यांच्या हातगाड्या चालल्या होत्या, त्यांच्यामधून ते पिशवी छातीशी धरून झपझप चालत होते. मी गाठलं तेव्हा माझा आवाज चढलेला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडले, तेही भर बाजारात.

"मग काढला कशाला? सकाळपासून आम्ही सगळे राबतोय! माझे हात बघा! ते जोकर तिकडे मरतील त्याचं काय?"

"जोकर उद्या आणून देऊ परत. त्यांना गिऱ्हाईक आहे. चांगल्या टाकीत जातील."

"आणि हा?"

"याने एकदा काढलंय ते कच्च्या पाण्यात," बाबा म्हणाले. "आपणच काढायला लावलं. पुन्हा नाय."

माझा राग गेला नव्हता. रिक्षात आम्ही दोघं दोन टोकांना बसलो, मध्ये पिशवी. निळा तिच्यातूनही माझ्याकडे तोंड करून होता.

दुसऱ्या दिवशी जोकर गेले. मी ऑफिसला निघताना त्यांच्याकडे बघितलं नाही. पुढे त्या टाकीत दुसरा मासा कधी टिकला नाही. दोन वेळा प्रयत्न झाला, दोन्ही वेळा निळ्याने तो हाणून पाडला. मग एवढी मोठी टाकी, तिच्या मोटरी, दिवे, टेबलफॅन, बादलीतलं मीठ, माझी कळशी, हे सगळं एका बोटाएवढ्या भांडखोर माशासाठी वर्षानुवर्षं चाललं. येणारे लोक आता विचारायचे, "एकच?" बाबा म्हणायचे, "पुरे आहे."

बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा टाकीचं काम माझ्याकडे आलं. काच पुसायला हात घातला की तो चावायचा. रक्त काढण्याएवढं नाही, पण दरवेळी. मी त्याला शिव्या घालायचे. बाबा डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून आतल्या खोलीतून विचारायचे, "चावला का?" मी "हो" म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. म्हणजे ठीक आहे तो.

मला तो मासा कधीच आवडला नाही. हे मी बाबांनाही सांगितलं होतं, आणि त्यांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं.

एका दुपारी ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. बाबा मला ऑफिसात कधी फोन करायचे नाहीत. मला वाटलं, सासूबाईंना काही झालं.

"निळा गेला," ते म्हणाले.

"कधी?"

"आत्ता बघितलं. दगडामागे होता."

मी रिसीव्हर धरून उभी होते. समोर महिनाअखेरीची व्हाउचरं पडली होती. साहेब काचेतून बघत होते. बाबा पलीकडून फोन ठेवत नव्हते.

"बाबा, टाकीची मोटर बंद करा आधी," मी म्हणाले. "पाणी एकट्याने उपसू नका. कमरेत भरेल तुमच्या. मी येतेय."

साहेबांना मी सांगितलं की घरी अडचण आहे. काय अडचण, ते विचारत होते. एका माशासाठी हाफ डे टाकतेय हे सांगायची मला लाज वाटली आणि बाबांचा रागही आला, की या माणसाने शेवटी हेही माझ्याकडून करून घेतलं. घरी पोचले तेव्हा ते बादली आणि पाण्याची नळी काढून, बाह्या सरसावून, स्टँडशेजारी माझी वाट बघत बसले होते. मी पर्स ठेवली, साडी खोचली, आणि नळीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.