एका कॉलेजातून एकच अर्ज

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला माहीत नाही, मुलीला माहीत नाही, जिच्याशी मी असं वागलो तिला माहीत आहे की नाही, ते मला माहीत नाही. परभणीत माझं नाव निघालं की लोक एकच सांगतात – ‘सरांनी चुडाव्याची पोरगी अमेरिकेला पाठवली.’ मी हे ऐकतो, आणि मान खाली घालत नाही. खोटं कशाला बोलू? छाती भरून येते माझी. आजही येते.

अभिमानापासूनच सुरुवात करतो, कारण तो खरा आहे. मी पालमकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. घरात ज्वारी आणि कापूस यांच्याखेरीज बोलण्याला विषय नव्हता, अशा घरातून मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालो आणि परभणीच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो. अकरावी-बारावीचे वर्ग माझ्याकडे. ‘विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे’ असं स्टाफरूममध्ये उघड म्हणणारे आम्ही दोघं-तिघंच होतो. बाकीचे गप्प बसायचे, नाहीतर विषय बदलायचे. मी बदलायचो नाही. मला वाटायचं, आपण वेगळे आहोत.

वाटायचं – हा शब्द लक्षात ठेवा.

सुजाता माझ्या वर्गात आली तेव्हा नामांतराचा प्रश्न लोंबकळतच पडला होता. चुडाव्याहून रोज पॅसेंजरनं यायची. तिचे वडील, किसनराव, रेल्वेत गँगमन. बस्तीतली दहावी झालेली ती पहिली मुलगी. पहिल्याच महिन्यात तिनं भर वर्गात माझी चूक काढली. फळ्यावर मी एक वाक्य लिहिलं होतं, त्यातलं शब्दयोगी अव्यय चुकलं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तिथं दुसरा शब्द पाहिजे का?” मी पाहिलं. पाहिजे होता! त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला, मुलीला, शेजाऱ्याला – भेटेल त्याला हे सांगितलं. वीस वर्षांत माझी चूक काढणारं कुणी भेटलं नव्हतं. मला राग आला नाही. खरंच आला नाही.

माझी मुलगी वैशाली तिच्याच वर्गात. दोघींची मैत्री झाली. डब्यात ठेचा सुजाताचा, भाकरी आमच्या.

त्याच सुमारास ज्वारीवर संशोधन करायला एक अमेरिकन जोडपं परभणीत येऊन राहिलं होतं. नवरा शेतात असायचा. बायको, रूथबाई, वेळ घालवायला आमच्या कॉलेजात यायची, मुलींशी इंग्रजीत बोलायची. सुजाताचं बोलणं ऐकून ती एक दिवस मला म्हणाली, की ही मुलगी बारावीनंतर थेट अमेरिकेच्या कॉलेजात जाऊ शकते. आणि वैशालीही. आम्ही हसलो. परभणीतून पुण्याला जायचं तर घरात महिनाभर चर्चा चालायची – अमेरिका? पण बाईनं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. तिकडच्या सगळ्या कॉलेजांची माहिती, नियम, तारखा. पूर्वेकडचं एक लहानसं कॉलेज तिनं त्यातून काढून दाखवलं. तिथं परदेशी मुलांना शिकण्या-राहण्याच्या खर्चाची संपूर्ण मदत मिळायची. मात्र मोजक्याच मुलांना.

मग आमच्या घरच्या ओसरीत रोज संध्याकाळी तीच चर्चा. त्या कॉलेजाच्या प्रवेशाच्या दोन फेऱ्या असायच्या. लवकरच्या फेरीत अर्ज टाकायचा तर शब्द द्यावा लागायचा – घेतलंत तर इथंच येईन, दुसरीकडे पाहणार नाही. त्या बदल्यात आशा जास्त. उशिराच्या फेरीत देशोदेशीची मुलं लोटतात, आणि मदतीची थैली तोवर हलकी झालेली असते. रूथबाईनं हे स्वच्छ सांगितलं होतं: “मदत पाहिजे असेल त्यानं लवकर टाकावं.” सुजाता पेन्सिल घेऊन बसायची, पुस्तकात खुणा करायची. वैशाली म्हणायची, “आपण दोघी गेलो तर एकाच खोलीत राहू.” मी चहा पीत ऐकायचो. माझ्यासारखा सुखी माणूस जिल्ह्यात नसेल.

त्या उन्हाळ्यात दोघींना घेऊन मी हैदराबादला तिकडच्या प्रवेशपरीक्षेला गेलो. निकाल माझ्याच पत्त्यावर आले. दोन्ही पाकिटं मी एकट्यानं उघडली. गणितात सुजाता पुष्कळ पुढे. तेवढं मी धरून चाललो होतो. पण इंग्रजीतही पुढे – माझ्या घरात, माझ्या इंग्रजीवर वाढलेल्या मुलीच्या पुढे.

तेव्हा काय वाटलं मला? तेच सांगायला इतका वेळ लावतोय.

मी पहिल्यांदा हिशेब मांडला. एवढ्या जगातून मूठभर मुलं घेणार. परभणीचं नावही त्यांनी ऐकलेलं नसणार. एकाच गावच्या, एकाच कॉलेजच्या, एकाच मास्तरच्या सहीच्या दोघी – ते दोघींना घेतील? एकीला घ्यायचं म्हटलं तर कुणाला घेतील? उत्तर माझ्या हातात होतं, दोन पाकिटांत.

सप्टेंबरअखेरीस ज्वारीवाले साहेब आणि रूथबाई परत गेले. आता परभणीत ते पुस्तक समजणारा मी एकटाच. ते मी ओसरीतून उचललं आणि आतल्या कपाटात ठेवलं. का ठेवलं? धूळ बसते म्हणून, असं बायकोला सांगितलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुजाता स्टाफरूमच्या दारात आली. हातात सगळे कागद तयार. निबंध तिनं वडिलांवर लिहिला होता – रोज सकाळी रुळावरून चालत जाणारा माणूस, हातोड्याच्या ठोक्याच्या आवाजावरून ढिली खीळ ओळखणारा. असा निबंध माझ्या सबंध नोकरीत मी दुसरा वाचला नाही. मी तो वाचला, घडी केली, परत दिला.

“सर, माझा पण याच फेरीत टाकू ना?”

आणि मी म्हणालो – ऐका, हे माझेच शब्द आहेत – “या फेरीत एका कॉलेजातून एकच अर्ज चालतो, सुजाता. वैशालीचा गेलाय. तुझा आपण डिसेंबरात टाकू.”

तिनं हातातले कागद एकदा चाळले. “पुस्तकात असं कुठं दिसलं नव्हतं, सर.”

“पुस्तकात सगळंच नसतं.”

“बरं, सर.”

बस. एवढंच झालं. कुणाचा आवाजही चढला नाही. असा नियम नव्हता. कुठल्याही पानावर नव्हता. आणि वैशालीचा अर्ज तेव्हा गेलेलाही नव्हता – माझ्या बॅगेत होता. दुसऱ्या दिवशी मी तो रजिस्टर पोस्टानं पाठवला. त्यानंतर सुजाताचा अर्ज वेळेत पोचेल असे आठ-दहा दिवस तरी शिल्लक होते. रोज ती पहिल्या बाकावर बसायची. रोज मी शिकवायचो.

मुलीसाठी केलं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण अर्धीच गोष्ट झाली ती. दुसऱ्या अर्ध्याला मी अजूनही स्वतःशी दबकत भिडतो. सुजाता आमच्या नात्यागोत्यातल्या कुणाची पोरगी असती, तर तिला हे सांगायला माझी जीभ इतकी सहज वळली असती? तिचा बाप पाटील असता, पुस्तक मागायला घरी आला असता, तर? नामांतर झालंच पाहिजे म्हणणारा मी. नाव द्यायला माझी हरकत नव्हती. माझ्या मुलीच्या पुढची जागा द्यायला होती.

जानेवारीत वैशालीचं पाकीट आलं. नकार. ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी बोर्डाच्या अभ्यासाला लागली. पुढे औरंगाबादला फार्मसी केली, संसार केला, सुखात आहे. तिनं त्या अर्जाचं नाव पुन्हा काढलं नाही. म्हणजे माझ्या बेइमानीनं माझ्याच घरात काही आलं नाही.

डिसेंबरात सुजाताचा अर्ज गेला होता. त्यासोबत माझं शिफारसपत्र – ते मात्र मी जीव ओतून लिहिलं. एक शब्द हातचा राखला नाही. त्या पत्राचा मला अभिमान आहे. मात्र ते उशिराच्या फेरीत गेलं, आणि ते तिथं माझ्यामुळे गेलं.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. सुजाता आणि किसनराव दोघं ते घेऊन घरी आले. पत्र गोड होतं. मुलगी आम्हाला हवी आहे, पण परदेशी मुलांसाठीची मदत बहुतेक लवकरच्या फेरीतच देऊन झाली, म्हणून नाव प्रतीक्षायादीत ठेवत आहोत. मी मराठीत सांगितलं. सुजाता म्हणाली, “म्हणजे ऑक्टोबरात टाकला असता तर…” आणि थांबली. माझ्याकडे बघत नव्हती. खिडकीकडे बघत होती.

किसनरावांनीच मला सोडवलं. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, सर. नियम म्हंजी नियम. रेल्वेत बी असंच हाय. तुमी तरी काय करणार? तुमी आमच्यासाठी लय केलं.”

सांगायची वेळ तीच होती. त्यांना पाणी दिलं, चहा झाला, बसा म्हणालो, बसले. अर्धा तास होता माझ्याकडे. मी म्हणालो, “पुढच्या साली पुन्हा टाकू.”

“टाकू की! आमी काय थकलोत का?” ते हसले. “पोरगी गाडीत बसंस्तोवर मी काय हलत न्हाई.”

मे महिन्यात रुळावर काम करताना त्यांना ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

आता तुम्ही म्हणाल, ऊन काय तुम्ही पाडलं? नाही. मी तेही म्हणून बघितलंय स्वतःला. पण मी एक वर्ष घेतलं होतं, आणि त्यांचं नेमकं तेच वर्ष उरलं होतं.

सुजातानं परभणीतच बी.एस्सी.ला नाव घातलं, सकाळी कॉलेज आणि दुपारी बस्तीतल्या मुलांची शिकवणी. पावसाळा सरता-सरता ती माझ्याकडे आली – अर्ज, निबंध, सगळं नव्यानं. निबंधात वडिलांसाठी ‘चालतो’ होतं तिथं ‘चालायचे’ केलं होतं, बाकी एक अक्षर बदललं नव्हतं. त्या वर्षी आमच्याच कॉलेजचा आणखी एक मुलगा त्याच जागी अर्ज करत होता. तिला ते ठाऊक होतं.

“सर, यंदा एकाच कॉलेजातून दोन चालतात का?”

मी टेबलावरचा कागद सरळ केला. “चालतात. नियम बदललाय.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. “बरं झालं, सर,” म्हणाली.

त्या तीन शब्दांत काय होतं? तीस वर्षं मी ते उलटेपालटे करून बघतोय. रागाचा सूर नव्हता. विश्वासाचाही होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

नामांतर झालं त्या जानेवारीत तिचं पत्र आलं. प्रवेश मंजूर, मदत पूर्ण. गावोगावी पोलीस होते, कुठं मिरवणूक तर कुठं दारं बंद. ती कपाळाला निळा गुलाल लावूनच माझ्या घरी आली, आणि पत्र माझ्या हातात देऊन माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं. रडलो. लोकांनी पाहिलं, सर रडले. ते अश्रू खोटे नव्हते – अभिमानच होता तो. आज ती तिकडे पाणी आणि माती यांच्यावर संशोधन करते, तिच्या हाताखाली माणसं शिकतात. तिचं काम मी शब्दकोश घेऊन वाचतो. कळेल तेवढं कळतं. जिल्ह्यात अशी दुसरी झाली असेल तर मला दाखवा.

ऑगस्टमध्ये ती निघाली. चुडाव्याच्या स्टेशनावर सगळी बस्ती आली होती, ढोल होता, किसनरावांच्या गँगची माणसं कामावरून तशीच आली होती. त्यांनी हार आणले होते. एक मुलीला, एक आईला, आणि सगळ्यात मोठा होता तो बापाचा. तो कुणाला घालायचा यावर थोडी कुजबुज झाली. मग सुजाताची आई गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आली. “आता बापाच्या जागी तुमीच, सर,” म्हणाली.

मी मान वाकवली, आणि तो हार घालून घेतला.