पोहता येतं का विचारलं, आणि मी "नो" म्हणाले

मंडळी, आज स्वतःचाच इतका राग येऊन राहिला आहे की इथे लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरात मुलांना सांभाळायच्या कामासाठी मी अर्ज केला होता. दुपारी स्काइपवर मुलाखत झाली. सगळं मस्त चाललं होतं. मग तिथल्या मॅडमनी विचारलं, "पोहता येतं का?"

माझ्या डोळ्यांसमोर निळा स्विमिंग पूल आला. टोपी, चष्मा, सर्टिफिकेट. यातलं माझ्याकडे काहीच नाही. पटकन "नो" म्हणून मोकळी झाले.

मॅडम हळहळल्या. म्हणाल्या, "आमचं शिबिर तलावाकाठी आहे. पोहता येणारीच माणसं लागतात." संपला विषय.

संध्याकाळी आईला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला.

"काऊन नाही म्हणली व? गावच्या अर्ध्या पोरायले चोरखमाऱ्याच्या तलावात पोहणं कोणं शिकवलं मंग?"

मीच शिकवलं. पण त्यालाही पोहता येणं म्हणतात, हे दुपारी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

लगेच मेल टाकला. अजून उत्तर नाही.

चांगलं येत असून "येत नाही" म्हणून आलेलं तुमच्यात कोणी आहे का? असाल तर सांगा. आई अजून विचारून राहिली आहे, "काऊन?"