भाचीसाठी सेकंडहँड

जुनी गाडी घ्यायला माणसानं एकट्यानं जावं. सोबत मित्र नेले की गाडी मिळो न मिळो, किस्से मात्र इतके साचतात की पुढं कुठल्याही लग्नात पंगतीला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "ते तलावाचं सांगा हो!" आमच्याकडे असे किस्से एकाच उन्हाळ्यात साचले. त्या उन्हाळ्यात औरंगाबादेत दुसरं काही साचतच नव्हतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि बादली सापडेपर्यंत जायचं.

आम्ही तिघं. मी, गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले रशीदभाई आणि बँकेतून रिटायर झालेले देशपांडे. रोज सकाळी हर्सूल तलावावर फिरायला जायचो. 'तलावावर' हे आपलं सवयीनं म्हणायचं. तलाव आटल्यापासून आम्ही तलावात फिरत होतो!

माझी भाची मुग्धा तेव्हा नुकतीच जनावरांची डॉक्टर झाली होती. वैजापूरच्या पुढं एका गावातल्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. शेजारीच चारा छावणी, त्यामुळे काम भरपूर आणि पोरगी खूश. पण परतीची एसटी कधी उशिरा यायची, कधी यायचीच नाही. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, रोज फाटकात उभे राहून वाट बघायचे. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "बास. नोकरी सोड."

मुग्धा रडली, ताई दाजींशी भांडली, मी मध्ये पडलो. शेवटी दाजींनी अट घातली. "गाडी घ्या. जुनी घ्या, स्वस्तातली घ्या. पण ज्या दिवशी ती रस्त्यात बंद पडेल, त्या दिवशी नोकरी बंद!"

दाजी शब्दाचे पक्के. म्हणजे पोरीची नोकरी आता आमच्या गाडी निवडण्यावर अवलंबून होती, आणि आम्हा तिघांपैकी एकालाही गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

* * *

पहिल्या रविवारी मुग्धाला घेऊन जालना रोड गाठला. शहर तेव्हा भराभर वाढत होतं. जिथं मागच्या वर्षी ज्वारी होती, तिथं आता ताडपत्रीखाली ओळीनं गाड्या आणि वर 'कार बाजार'चा बोर्ड.

"ये देखो, डॉक्टर की गाडी है. एकदम मेंटेन!" विक्रेता म्हणाला.

दुसरी गाडी दाखवली. तीही डॉक्टरची. तिसरी डॉक्टरची. चौथीपाशी आलो तर ती लेडी डॉक्टरची.

रशीदभाई थांबले. "मियाँ, शहर में इत्ते डॉक्टर हैं, तो लोगां बीमार कायकू पडरे?"

विक्रेता काही हसला नाही. तेवढ्यात मुग्धानं एका गाडीचं दार उघडलं. दार, काच, डॅशबोर्ड, सगळं एकदम खडखडलं.

"ही कसल्या डॉक्टरांची?" तिनं विचारलं.

"हड्डी के डॉक्टर की, मॅडम."

"तरीच! सगळे सांधे वाजतायत."

* * *

रशीदभाईंची गाडी तपासायची एकच रीत होती. आम्ही बॉनेट उघडून उगाच आत बघत उभे राहायचो, तोवर ते मागच्या सीटवर बसून सीट कव्हर दोन बोटांत धरून चोळायचे. आयुष्यभर तेच केलेलं.

उस्मानपुऱ्यात एक गाडी बघितली. इंजिन सुरूच होईना. मालक खाली वाकून, वर वाकून घामाघूम झाला. आम्ही निघालो तर रशीदभाई आतून बाहेर यायला तयार नाहीत.

"काय माल है! पक्का रंग!" ते म्हणाले आणि मालकाकडून कव्हरवाल्याचा पत्ता घेतला.

गाडी राहिली. पुढच्या महिन्यात गुलमंडीच्या दुकानात त्या कापडाचे तागे लागले!

* * *

देशपांडेंची रीत वेगळी. ते गाडीच्या मागं दहा पावलांवर जाऊन, मान तिरकी करून बघायचे. त्या दुष्काळात निम्मं शहर गाडीच्या डिकीतून पाणी वाहत होतं. ड्रम, कॅन, जार, जे मिळेल ते. त्या ओझ्यानं गाड्यांचे मागचे स्प्रिंग बसायचे. म्हणून देशपांडे आधी गाडीची पाठ बघायचे आणि मगच तोंड.

सिडकोतल्या एका काकांची गाडी अगदी चकाचक होती. काका म्हणाले, "कधीच ओझं घातलं नाही हो. फक्त मी आणि ही. देवळात जायचं नि यायचं."

देशपांडे मागून बघून आले आणि माझ्या कानात म्हणाले, "दोघांचं वजन बरंच असावं."

मुग्धानं डिकी उघडली. आत खालच्या गालिच्यावर हिरवंगार शेवाळ!

आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. रशीदभाई हळूच म्हणाले, "जनाब, पूरे शहर में हरियाली बस इधरच है."

काका आधी ओशाळले, मग हसायला लागले. वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या, जिना उतरवत नव्हता. त्यांचंही पाणी काकाच आणायचे. काकूंनी आम्हाला आत बोलावलं आणि पाणी दिलं. त्या दिवसांत पाहुण्याला अर्धा ग्लास द्यायची पद्धत पडली होती आणि कुणी वाईटही वाटून घ्यायचं नाही. काकूंनी चौघांना काठोकाठ भरलेले ग्लास दिले. मला फार भरून आलं. गाडी नाही घेतली, पण आजही त्या बाजूला गेलो की मी काकांकडे डोकावतो.

* * *

आता तो तलावाचा किस्सा.

मुग्धाकडे लायसन्स होतं, सराव नव्हता. रशीदभाईंनी ओळखीतून एक गाडी ट्रायलला आणली. भर वस्तीत कुठं चालवणार? आमच्या फिरायच्या जागेइतकं मोकळं मैदान आख्ख्या शहरात नव्हतं. मुग्धा रशीदभाईंना शेजारी बसवून तलावात गोल गोल फिरायला लागली. मी काठावर एका दगडावर बसलो. देशपांडेंचा फोन वाजला. दाजी होते.

"मुग्धा कुठंय?"

"गाडी घेऊन तलावात गेली," देशपांडे म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

फोन कट झाला. थोड्याच वेळात स्कूटरवर दाजी आले. पायात वेगवेगळ्या चपला आणि मागं बांधलेली ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब!

काठावर येऊन बघतात तर समोर सगळी भेगाळलेली जमीन, धुळीचा लोट, आणि त्यातून रशीदभाईंचा आवाज, "रिव्हर्स, बेटा, रिव्हर्स!"

देशपांडेंनी ट्यूबकडे बघितलं. "अहो, पण तलावात पाणी कुठंय?"

दाजी खवळले. "पाणी नसलं म्हणून काय झालं? तलाव तर आहे ना!"

मग त्याच ट्यूबवर बसून त्यांनी घाम पुसला. मुग्धा गाडीतून उतरलेली दिसली तेव्हाच ते उठले. हसायचं आम्ही ते गेल्यावर हसलो.

* * *

शेवटी गाडी मिळाली ती हर्सूलजवळच्या एका नर्सबाईंची. मुलाकडं पुण्याला चालल्या होत्या. त्यांनी आम्हाला गाडीभोवती फिरवून एकेक खोड स्वतःच सांगितली.

"डावीकडची काच खाली जाते, वर येत नाय. हाताने ओढायची. हॉर्न कधी कधी वाजतच राहतो. घाबरायचं नाय, एक चापट मारायची. उन्हाळ्यात लई तापते, पाण्यावर ध्यान ठेवायचं. बाकी गुणाची आहे."

आम्ही तिघं बाजूला झालो. दोन महिन्यांत इतकं खरं बोलणारं माणूस भेटलं नव्हतं. देशपांडेंचा चेहरा चिंतेनं काळवंडला.

"मला काही लक्षण ठीक दिसत नाही," ते म्हणाले. "एवढं खरं सांगतायत, म्हणजे काहीतरी फार मोठं लपवतायत!"

तोवर मुग्धानं चावी घेतली होती. नर्सबाई बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं रोज इतक्या लांब जायचं म्हणजे... सांभाळ गं हिला." हे गाडीला सांगितलं की मुग्धाला, ते कळलं नाही.

* * *

गाडी वर्षभर बिनतक्रार चालली. पाऊस पुन्हा दडी मारून बसला, छावणी पुन्हा उघडली, मुग्धा रोज जाऊन वेळेत घरी येत होती. एक दिवस दाजी म्हणाले, "पोरगी काम तरी काय करते, बघून येऊ." तिघं निघालो. मुग्धा चालवायला, दाजी तिच्या शेजारी, मी मागं.

दिवसभर दाजी छावणीत झाडाखाली बसून होते. बायामाणसं येऊन त्यांना सांगत होती, "तुमची लेक व्हय? लई मायाळू हाय." दाजी नुसती मान हलवत होते.

आणि परतताना, वैजापूर अजून लांब असताना, बॉनेटमधून भसाभस वाफ आली. मुग्धानं गाडी कडेला घेतली. पुन्हा चावी फिरवली. काही नाही. आमच्याकडच्या बाटलीत दोन घोट पाणी, आजूबाजूला विहिरी कोरड्या. मुग्धा स्टिअरिंग धरून बसली आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. दाजी समोर बघत होते.

मागून एक म्हातारे बैलजोडी घेऊन आले. काचेतून वाकून बघितलं.

"डाक्टरबाई? काय झालं वो?"

"बंद पडली, बाबा," मुग्धा कशीबशी म्हणाली.

"मंग रडता कशापायी? ह्यो डावा बैल वळखला का? सगळे म्हनत व्हते, आता उठत नाय. तुमी उठवला. बसा आतच."

त्यांनी दोर काढला, गाडीच्या पुढच्या हुकाला बांधला आणि जोडीला हाक दिली. गाडी हलली. मुग्धा डोळे पुसत स्टिअरिंग सांभाळू लागली. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. दाजींनी शांतपणे सीटबेल्ट लावला.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. ताईचा आवाज मला मागं स्पष्ट ऐकू येत होता.

"कुठं आहात? गाडी बंद-बिंद नाही ना पडली?"

मुग्धानं श्वास रोखला. दाजींनी पुढं चाललेल्या बैलांकडे बघितलं, मग पोरीकडे बघितलं.

"छे गं," ते म्हणाले. "चालू आहे की!"