बैलाशी बोलणाऱ्या माणसाबद्दल

आमच्या साखर कारखान्याच्या स्मरणिकेत माझा एक जुना लेख पुन्हा छापून आला आहे. दुष्काळात कारखान्याने चालवलेल्या चारा छावणीत एक म्हातारा माणसांशी बोलणं सोडून फक्त आपल्या बैलाशी बोलायचा, त्याच्यावरचा. वाचताना डोळ्यांत पाणी आलं असं दोघातिघांनी फोन करून सांगितलं. त्या लेखात जे लिहिलं ते खरं नव्हतं, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं.

मी तेव्हा कारखान्याच्या शेती खात्यात कारकून होतो. अक्षर बरं, म्हणून छावणीतलं लिखाणाचं सगळं काम माझ्याकडे. फाटकाजवळच्या फळ्यावर छावणीतल्या लोकांसाठी सूचना लिहायच्या: पाणी उकळून प्या, उन्हात डोकं झाकून जा. तालुक्याच्या साहेबांना अहवाल पाठवायचा, त्यात माणसांची व जनावरांची प्रकृती कायम समाधानकारक. आणि बीडच्या एका दैनिकात आठवड्याला आरोग्याचं सदर. त्यात शिकलेल्या वाचकांसाठी मी झोप, चिंता, मनाची मरगळ असल्या विषयांवर लिहीत असे. फळ्यावर मनाविषयी एक ओळ कधी लिहिली नाही. इथल्या लोकांना ते समजायचं नाही, वेडा म्हटलं म्हणून अंगावर मात्र येतील, असं मी धरूनच चाललो होतो.

म्हातारा वडवणीकडच्या एका खेड्यातला. मुलगा कामासाठी पुण्याकडे गेलेला, बायको आणि सून टँकरच्या पाण्यासाठी गावातच राहिलेल्या. हा बैलजोडी घेऊन छावणीत आला. पहिले काही आठवडे चांगला बोलका होता, तंबाखू मागून घ्यायचा, पीक-पाण्याच्या गप्पा मारायचा. मग जोडीतला एक बैल पोट फुगून मेला. त्यानंतर तो हळूहळू गप्प होत गेला. आंघोळ सुटली. भाकरी तशीच फडक्यात वाळून जायची. कधीही पाहावं तर जागाच, आणि उरलेल्या बैलाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटतोय. शेजारच्या दावणीवरची माणसं त्याची चेष्टा करायची.

“मामा आता बैलाच्या भावकीत गेलेत. त्याला इचारा बे, पाऊस कधी हाय ते.”

म्हातारा तिकडे बघायचाही नाही. हसणाऱ्यांत मीही असे.

कारखान्याचे डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्याच्याजवळ बराच वेळ बसले. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी नीट समजावलं. हे दुखणं आहे, औषधानं उतरतं, पण वेळ घालवू नका. घरी निरोप धाडा, कुणीतरी येऊन त्यांना बीडच्या दवाखान्यात दाखवू दे. आणि याची लक्षणं तुमच्या सदरात लिहा, फळ्यावरही लिहा, छावणीत असे आणखी असतील.

निरोप पाठवायचं मी उद्यावर टाकलं. लेख मात्र त्याच दिवशी लिहायला घेतला. संपादकांना दुष्काळाची मनाला भिडणारी हकिगत हवी होती. डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणं मी एकही न वगळता घेतली आणि प्रत्येकाला माया म्हटलं. तो जेवत नव्हता, मी लिहिलं की आपल्या वाट्याची भाकर तो मुक्या जिवाला भरवतो. झोपत नव्हता, मी लिहिलं की बैलाच्या उशाशी जागतो. शेवटी, या माणसाला आता दुसऱ्या कुणाची गरज उरलेली नाही, असं एक वाक्य टाकलं. त्या वाक्याचं फार कौतुक झालं. छावणी बघायला आलेल्या एका पुढाऱ्यानं म्हाताऱ्याला हार घातला. हार बैलानं खाल्ला. मग निरोप पाठवणं मला अवघड वाटू लागलं, आणि मी तो पाठवलाच नाही.

पाऊस झाल्यावर म्हातारा बैल घेऊन गावी गेला. पुढं काही वर्षांनी तो वारल्याचं कानावर आलं.

स्मरणिका हातात आली तेव्हा मी एकटाच घरात होतो. बायको गेल्यापासून एकटाच असतो, कधी कधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. चार दिवस ती स्मरणिका टेबलावर तशीच पडू दिली, आणि मग एसटीनं वडवणी गाठून त्या खेड्यात गेलो.

म्हातारी ओसरीत शेंगा निवडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं सुनेला चहा ठेवायला लावला. भिंतीवर तो लेख चौकटीत लावलेला होता. तिनं तो कौतुकानं दाखवला. छापून आला तेव्हा शाळेच्या गुरुजींनी पारावर सगळ्यांना वाचून दाखवला होता म्हणाली. ती त्याच आठवड्यात छावणीवर जाणार होती, धपाटे बांधून तयार होते. लेख ऐकला आणि ते तिथं रमलेत असं समजून घरीच राहिली. माणूस परत आला तो गोठ्यातच झोपायला लागला. ताट गोठ्यात न्यावं लागे. शेवटपर्यंत घरात आला नाही, आणि तिला नावानं हाक मारली नाही.

मग मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी काय केलं, सगळं. ती शेंगा निवडायची थांबली.

“दुखणं होतं?”

“हो.”

“मंग आमाला कावून न्हाई सांगितलं?”

मी म्हणालो, तुम्हाला पटलं नसतं असं वाटलं. लोक वेडा म्हणतील म्हणून तुम्ही लपवलं असतं.

“लोक तर तसंबी म्हनतच हुते,” ती म्हणाली. “दवाखान्यात नेलं असतं, भाऊ. बैल इकून नेलं असतं. आमी काय न्हाई म्हननारी मानसं न्हवतो.”

सून चहा घेऊन आली. तो लेख भिंतीवरून काढून टाका, असं मी म्हटलं. म्हातारीनं मान हलवली. नातवंडं वाचतात, राहू द्या, असं म्हणून ती पुन्हा शेंगा निवडू लागली. परत माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. चहा संपवून मी उठलो, येतो म्हणालो. सुनेनं बरं म्हटलं.

वडवणीच्या स्टँडवर बीडच्या गाडीला वेळ होता. त्यांना समजणार नाही, या एका समजुतीवर मी इतकी वर्षं काढली होती. बाकावर शेजारी बसलेल्या माणसानं कुठं गेलता म्हणून विचारलं. एक निरोप द्यायचा राहिला होता, तो द्यायला, असं मी सांगितलं.